आधी मशीनची वेळ, मग सामानाचा टेम्पो

पत्र असं आहे:

‘आम्ही डोंबिवलीत राहतो. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, दोन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे. बिल्डर देतो त्या भाड्यात इथे लिफ्टचं घर मिळत नाही, म्हणून निदान तीन वर्षांसाठी नाशिकला भावाकडे जायचं ठरलं. प्रश्न बाबांचा आहे. वय ६४, जुना मधुमेह, दोन वर्षांपासून डायलिसिस. सोम-बुध-शुक्र, सकाळची शिफ्ट, डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी. खर्च सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. मुंबईच्या एका रुग्णालयात किडनीसाठी नावही नोंदवलं आहे. बाबा म्हणतात, राहीन नाशिकला, पण डायलिसिसला पंचवटी एक्स्प्रेसने इकडेच येईन. इथल्या टेक्निशियनशिवाय दुसऱ्या कुणाला ते हाताला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांना अजून काही बोललेलो नाही. त्यांनी इतकं केलं, आता सोडून जातो म्हणायला जीभ रेटत नाही. भाऊ म्हणतो, फाइल घेऊन या, इथे आल्यावर बघू. सुरुवात कुठून करू?’
– एक मुलगी, डोंबिवली

ताई,

सुरुवात भावाच्या त्या वाक्यापासून करू. ‘आल्यावर बघू’ हे गॅसच्या जोडणीला चालतं, केबलवाल्याला चालतं. बाबांच्या बाबतीत बघायला मिळतात फक्त दोन दिवस. शुक्रवारी मशीनवरून उतरलेला माणूस सोमवारी परत मशीनवर लागतो. त्यापुढे एकेक दिवस लांबला की अंगात पाणी साठतं, झोपल्यावर धाप लागते, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे शेवटचं फार गुपचूप होतं. पायावर सूज दिसते, पोटॅशियम दिसत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं: नाशिकच्या एखाद्या केंद्राने बाबांच्या नावापुढे वार आणि वेळ लिहून दिल्याशिवाय टेम्पोवाल्याला तारीख देऊ नका.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी बरीच वर्षं काम केलं. गावं बदलणारी कुटुंबं बहुतेक एकाच ठिकाणी अडकताना पाहिली. ती नवा डॉक्टर शोधतात आणि निर्धास्त होतात. पण डॉक्टर मिळणं वेगळं, मशीन मिळणं वेगळं. किडनीचे डॉक्टर आज संध्याकाळी सातची वेळ देतील, तपासतील, औषधंही लिहून देतील आणि शेवटी म्हणतील, ‘सेंटरला जागा आहे का विचारून घ्या.’ एका मशीनवर दिवसाला दोन किंवा तीन शिफ्ट होतात आणि प्रत्येक शिफ्टला ठरलेला माणूस असतो. जागा रिकामी होते ती कुणाला किडनी मिळाली म्हणून, कुणी गाव सोडलं म्हणून, किंवा कुणी गेलं म्हणून. सकाळची शिफ्ट तर लवकर सुटतच नाही. योजनेतून डायलिसिस करणाऱ्या केंद्रात गर्दी आणखी जास्त. म्हणून दुपारची किंवा रात्रीची शिफ्ट मिळाली तर नाक मुरडू नका, घ्या, आणि सकाळसाठी त्याच दिवशी नाव लावून ठेवा. आतल्या माणसाला जागा आधी मिळते.

हे काम भावाचं आहे, आणि ते फोनवर होत नाही. त्याला सांगा, घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातली तीन-चार केंद्रं स्वतः पाहून ये. त्यात जिल्हा रुग्णालयही धर. २०१६ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला तो जिल्हा रुग्णालयांमधूनच, आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना तिथे मोफत सोय असते. प्रत्येक ठिकाणी त्याने विचारायचं ते असं. किडनीचे डॉक्टर कोणत्या वारी प्रत्यक्ष वॉर्डात येतात? डायलिसिस चालू असताना बीपी कोसळलं तर त्याच इमारतीत आयसीयू आहे का, की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल? वीज गेली तर? आरओच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, अहवाल दाखवाल का? एका शिफ्टला किती रुग्णांमागे एक टेक्निशियन? पाण्याचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस कसा बघतो त्यावरून केंद्र कळतं. रजिस्टर काढून दाखवणारं केंद्र असेल तर रंग उडालेल्या भिंतींकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. एका चार तासांच्या डायलिसिसला शंभर लिटरच्या वर पाणी बाबांच्या रक्ताशेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहणार आहे.

आता डॉक्टर. तुम्हाला वाटतंय की हा कृतघ्नपणा होईल. नाही होत. किडनीच्या डॉक्टरांना रुग्णाची बदली नवी नसते. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, गावाकडची शेती, आणि आता हा पुनर्विकास, कारणं चालूच असतात. त्यांना राग येतो तो रुग्ण न सांगता नाहीसा झाला तर. या आठवड्यातच सांगा, दोन महिने हाताशी असताना. ‘डॉक्टर, इमारत पाडायची आहे, नाशिकला जावं लागतंय, तिकडे कुणाकडे पाठवाल?’ इतकं पुरे. नाशिकमध्ये त्यांच्या ओळखीचं कुणी असेलच असं नाही, पण पुष्कळदा असतं, आणि त्यांच्या एका फोनने जे होतं ते भावाच्या दहा हेलपाट्यांनी होत नाही. शिवाय तुम्ही जाणार हे कळलं की ते काही तपासण्या आणि लसीचे राहिलेले डोस इथेच उरकून घेतील.

कागदांचं म्हणाल, तर जाड फाइल नाशिकमध्ये कुणी वाचणार नाही. माझ्या अनुभवात नवा डॉक्टर दोनच गोष्टी नीट बघतो.

पहिली म्हणजे शेवटच्या आठ-दहा डायलिसिसचे तक्ते. प्रत्येक वेळी मशीनशेजारी पाटीला लावलेला जो कागद टेक्निशियन भरतो, तो. बाबा आले तेव्हा वजन किती, गेले तेव्हा किती, किती पाणी काढलं, तासातासाला बीपी काय होतं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती दिलं, रक्ताचा वेग किती ठेवला, कोणता डायलायझर (रक्त गाळणारी नळी), मध्येच पायात गोळे आले का, उलटी झाली का. डिस्चार्ज कार्डावर यातलं फारसं काही नसतं. त्यावर ‘रुग्ण स्थिर’ लिहिलेलं असतं, आणि त्याचा नव्या टेक्निशियनला उपयोग शून्य. तक्त्यांवरून बाबांचं ड्राय वेट कळतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. हा एक आकडा चुकला तर पहिल्याच दिवशी एक तर जास्त पाणी ओढलं जाऊन बीपी पडतं, नाहीतर पाणी आत राहून रात्री धाप लागते. नाशिकच्या वजनकाट्यात आणि डोंबिवलीच्या वजनकाट्यात अर्धा किलोचा फरक सहज असू शकतो, हेही तिथे बोलून ठेवा.

दुसरी म्हणजे डॉक्टरांच्या सहीचं दीड-दोन पानांचं पत्र. त्यात मूळ आजार, डायलिसिस केव्हा सुरू झालं, आठवड्यातून किती वेळा व किती तास, ड्राय वेट, फिस्टुला केव्हा आणि कोणी केला, आधी मानेत नळी होती का, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हृदयाचा २डी इको केव्हा झाला, अलीकडच्या तपासण्या, आणि चालू औषधांची पूर्ण यादी असावी. औषधांची मूळ नावं लिहून मागा, नुसती ब्रँडची नकोत. हे मी आग्रहाने सांगते, कारण गाव बदललं की दुकानात ब्रँड बदलतो. घरात जुनी पट्टी उरलेली असते, नवीही येते, दोन्ही पट्ट्यांत बीपीची तीच गोळी असते, आणि म्हातारा माणूस शहाण्यासारखा दोन्ही घेतो. नवी चिठ्ठी आली की जुन्या गोळ्या घरातूनच हलवा.

हे कागद द्यायला कोणी कुरकूर केली तर भांडू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. अर्जावर बाबांची सही असू दे. अर्ज हातात बघितल्यावर तक्ते सापडतात, असा माझा अनुभव आहे.

सगळ्याचे फोटो न काढता स्कॅन करा, एकाच पीडीएफमध्ये, आणि ती भावाच्या फोनवरही ठेवा. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढलेला नसेल तर काढून घ्या, १४ आकडी असतो, आधारवरून घरबसल्या निघतो. पण त्याच्या जिवावर राहू नका. जुन्या केंद्राने नोंदी त्याला जोडलेल्याच नसतील तर नव्या केंद्राला तिथे काही दिसणार नाही. बाबांना क्षयाचं औषध चालू असतं तर काम सोपं होतं: निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर रुग्णाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सरकवता येते. डायलिसिसच्या खासगी आणि धर्मादाय केंद्रांमध्ये अजून कागदच चालतो.

एक गोष्ट मात्र वेळेच्या बाहेर करून उपयोग नाही. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे अहवाल. नवं केंद्र ते पाहिल्याशिवाय मशीनला हात लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला वेगळं मशीन लागतं, शेजारच्या रुग्णांना लागण होऊ नये म्हणून. हे अहवाल किती दिवसांपर्यंतचे चालतात, बाहेरच्या लॅबचे चालतात की त्यांच्याकडेच करावे लागतात, हे भावाने पहिल्याच भेटीत विचारावं आणि त्या हिशेबाने निघण्याआधी तपासणी करून घ्यावी. फार आधी केली तर तिकडे शिळी ठरते. फार उशिरा केली तर अहवाल आला नाही म्हणून पहिलीच पाळी बुडते. हिपॅटायटिस बी च्या लसीच्या तारखाही लिहून घ्या. डायलिसिसच्या रुग्णांना ही लस नेहमीपेक्षा दुप्पट मात्रेत देतात, आणि मधला डोस कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता फुले योजना. जिल्हा बदलला म्हणून लाभ जात नाही, राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात तो मिळतो. पण मंजुरी त्या त्या रुग्णालयाच्या नावावर असते. डोंबिवलीची मंजुरी नाशिकला चालणार नाही, नाशिकच्या केंद्राला आपली वेगळी घ्यावी लागेल. म्हणून आताच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा आणि दोन गोष्टी विचारा. कुटुंबाच्या वार्षिक ५ लाखांच्या मर्यादेतले किती उरले आहेत, आणि तुम्ही निघाल की चालू मंजुरी बंद कशी व कधी होणार. ती उघडीच राहिली तर नाशिकच्या संगणकावर बाबा अजून डोंबिवलीतच उपचार घेताना दिसू शकतात, आणि नवी मंजुरी अडकते. नाशिकचं केंद्र योजनेत अंगीकृत आहे ना, आणि डायलिसिससाठीच आहे ना, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारून खात्री करा. ‘योजना आहे’ असा फलक पाहून समाधान मानू नका. रुग्णालय योजनेत असतं आणि डायलिसिस विभाग नसतो, असंही घडतं. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत बरोबर ठेवा, सामानाच्या खोक्यात गेलं तर महिनाभर सापडणार नाही.

मंजुरीला उशीर होऊ शकतो, हे धरूनच चाला. पहिल्या दोन आठवड्यांच्या डायलिसिसचे पैसे बाजूला काढून ठेवा. ते शक्य नसेल तर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खालच्या योजनेत या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागेल. तो डोंबिवलीत असतानाच, कल्याणच्या तहसील कार्यालयातून काढून घ्या. नाशिकला गेल्यावर तोच दाखला काढायला रहिवासाच्या पुराव्यापासून सुरुवात करावी लागेल.

बदलीचा आठवडा नीट बसवायला हवा. नाशिकलाही सोम-बुध-शुक्र मिळालं तर फार बरं. शुक्रवारी डोंबिवलीत शेवटचं डायलिसिस, शनिवारी प्रवास, रविवारी आराम, सोमवारी तिकडे पहिलं. पण मंगळ-गुरू-शनि मिळालं तर घोळ होतो. शुक्रवारनंतर थेट मंगळवार म्हणजे मध्ये तीन कोरे दिवस. हे करू नका. त्याऐवजी बुधवारी डोंबिवलीत शेवटचं, गुरुवारी प्रवास, शनिवारी नाशिकला पहिलं. मधलं अंतर तुमच्या नेहमीच्या शुक्रवार ते सोमवारइतकंच पडतं. त्यानंतर लगेच शनिवार ते मंगळवार असं दुसरं तेवढंच अंतर येतं, म्हणून त्या आठवड्यात एक जादा डायलिसिस करावं का, ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर दोन्ही केंद्रांना आधी सांगावं लागेल. निघायचा दिवस डायलिसिसचा नसावा. मशीनवरून उतरल्यावर बीपी खाली आणि अंग गळालेलं असतं, त्यात कसारा घाट नको.

त्याही आधी, जमलं तर, एक पाळी पाहुण्यासारखी करून बघा. लग्नकार्याला, तीर्थयात्रेला जाणारे रुग्ण परगावी एक-दोन डायलिसिस करतात, केंद्रांना त्याची सवय असते. पुढच्या महिन्यात बाबांना चार दिवस भावाकडे न्या आणि त्याच केंद्रात एक डायलिसिस करा. ते योजनेत बसणार नाही, खिशातून जाईल. पण ड्राय वेट, सुई, अहवाल, कुठे काय अडतं ते सगळं तेव्हाच कळेल, आणि मागे डोंबिवलीची जागा शाबूत असेल. या पाहुण्या पाळीसाठी डोंबिवलीची एक पाळी चुकणार, ती जागा त्या दिवसापुरती दुसऱ्याला देऊ द्या, पण कायमची सोडलेली नाही हे सिस्टरना स्पष्ट सांगा.

बाबांचा टेक्निशियन. हा तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन जाड सुया. दोन वर्षांत तीनशेच्या वर वेळा त्या माणसाने बाबांचा हात हातात घेतला. सुई कुठे शिरते, कुठे अडते, बोलता बोलता टोचायची की आधी सांगून, हे त्याला ठाऊक आहे. नव्या माणसाची सुई चुकली तर हात काळानिळा होतो, सुजतो, आणि त्या दिवशी डायलिसिस अर्धवट राहू शकतं. बाबांना हे माहीत आहे. त्यांचा हट्ट हा लाड नाही, त्यामागे अनुभव आहे. त्यांना ‘काही होत नाही हो बाबा’ म्हणू नका.

त्याऐवजी त्या टेक्निशियनचीच मदत मागा. दोन्ही सुया लावलेल्या असताना हाताचा फोटो काढू द्या, वरची कुठली, खालची कुठली, सुईचं टोक कुठल्या दिशेला, सुई १६ नंबरची की १७ ची, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्याची तयारी असेल तर पहिल्या दिवशी नाशिकच्या टेक्निशियनशी फोनवर दोन मिनिटं बोलू द्या. हाच कागद बाबांच्या हातात द्या, तुमच्या नको. नव्या केंद्रात त्यांनी स्वतः सांगायचं, ‘इथे टोचा, इथे नको.’ पहिल्या दोन आठवड्यांत अनुभवी टेक्निशियननेच सुई लावावी, शिकाऊ मुलाने नको, ही मागणी करायला संकोच नको. केंद्रं ती मानतात.

पंचवटीचं म्हणाल तर बाबांशी भावनेवर वाद घालू नका, वेळापत्रकावर घाला. ती गाडी कल्याणला येईपर्यंत नऊ वाजून जातात. सकाळची शिफ्ट तोवर मशीनवर चढलेली असते, म्हणजे ज्या टेक्निशियनसाठी यायचं तो दुसऱ्याच रुग्णाजवळ. चार तास मशीन, मग सुया काढून दाब धरून बसणं, मग संध्याकाळपर्यंत परतीच्या गाडीची वाट. आठवड्यातून तीनदा. पावसाळ्यात कसाऱ्याला दरड आली की त्या दिवसाचं डायलिसिस गेलं. बाबा लोकलच्या गावात इतकी वर्षं राहिले आहेत, हे गणित त्यांना पटेल. बदल्यात त्यांना एक गोष्ट द्या. पहिले तीन महिने जुन्या डॉक्टरांशी महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलणं. २०२० पासून दूरस्थ सल्ल्याला नियमांची चौकट आहे, डॉक्टर तयार असतील तर काही अडचण नाही. फक्त औषधं कोण बदलणार हे एकाचंच ठरवा, आणि ते नाशिकचे डॉक्टर. जुन्या डॉक्टरांशी बोलायचं ते मनाला धीर म्हणून, आणि काही शंका असेल तर ती नाशिकच्या डॉक्टरांपर्यंत न्यायची.

किडनीच्या यादीची भीती काढून टाका, पण काम मात्र करा. डोंबिवली मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतं, नाशिक पुण्याच्या. मुंबईचं नाव ठेवायचं की पुणे विभागातल्या रुग्णालयात हलवायचं, हा निर्णय आहे, आणि तो तुमच्या सध्याच्या प्रत्यारोपण समन्वयकाशी बसून घ्यायचा. एक प्रश्न त्यात मुख्य: रात्री दोन वाजता फोन आला तर बाबा किती तासांत रुग्णालयात पोचतील? २०२३ मध्ये केंद्राने नोंदणीसाठीची रहिवासाची अट काढली, ६५ वर्षांची वरची मर्यादाही काढली, आणि नोंदणीला मिळणारा नोटोचा, म्हणजे राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेचा, क्रमांक रुग्णालय बदललं तरी पुढे चालू राहील असं ठरवलं. बाबांचं वय ६४ आहे, म्हणून ही मर्यादेची गोष्ट मुद्दाम लिहिली. नाव हलवायचं ठरलं तर आधी नव्या ठिकाणी स्वीकारल्याचं लेखी घ्या, मगच जुन्या ठिकाणचं काढायला सांगा. आणि पहिल्या डायलिसिसचा पुरावा, दोन वर्षांपूर्वीचं ते पहिलं कार्ड किंवा बिल, जिवापाड जपा. अवयव वाटपाच्या गुणांमध्ये रुग्ण किती महिने डायलिसिसवर आहे हे मोजतात. नाव ठेवा किंवा हलवा, पत्ता आणि दोन फोन नंबर मात्र त्याच आठवड्यात बदलून घ्या.

घर हलवण्याच्या दिवसाबद्दल थोडंसं, कारण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष खोक्यांवर असतं. फ्रिज आदल्या रात्री बंद होतो. त्यात बाबांचं इन्सुलिन आणि हिमोग्लोबिनचं इंजेक्शन असतं. ती दोन्ही २ ते ८ अंशांत राहायला हवीत आणि गोठताही कामा नयेत, म्हणून थंड पिशवीत, बर्फाला थेट न चिकटवता, स्वतःजवळ ठेवा, टेम्पोत नको. बाबांना डाव्या हाताने काहीही उचलू देऊ नका, त्या हाताला घड्याळ, पिशवीचा पट्टा, बीपीचा पट्टा काहीच नको. फिस्टुलावर बोट ठेवून थरथर लागते का ते सकाळ-संध्याकाळ बघा. थांबली असं वाटलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. आणि निरोपाला येणारी मंडळी. प्रवासात शहाळं, उन्हात लिंबूसरबत, नव्या घरी सत्यनारायणाचा केळं घातलेला शिरा, नाशिकची म्हणून द्राक्षांची पेटी. शहाळ्यात आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते नेमकं दोन पाळ्यांमधल्या लांब अंतरात पोटात जाणार. प्रसादाचा कण डोळ्याला लावून तोंडात टाकायला हरकत नाही, वाटी नको. द्राक्षं किती चालतील ते आहारतज्ज्ञांना विचारा. आईला हे आधी सांगून ठेवा, नाही म्हणायचं काम तिच्यावरच येतं.

नाशिकला पोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी भावाने एक गोष्ट करावी: रात्री-अपरात्री तातडीचं डायलिसिस होतं आणि आयसीयू आहे असं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आधी विचारून घेतलेलं असेल, त्याचा नंबर आणि १०८ फ्रिजवर चिकटवावा. बाबांचं रोजचं केंद्र रात्री बंद असेल तर ते या कामाचं नाही.

आणि दोन महिन्यांत नाशिकला जागा मिळालीच नाही तर? तर तुम्ही घर हलवा, बाबांना हलवू नका. डोंबिवली-कल्याणमध्ये आत्या, मामा, जुने शेजारी, कुणाकडेही एक खोली महिना-दोन महिने मागा, तुमच्यापैकी एकाने त्यांच्यासोबत राहा. बिल्डरच्या भाड्यातला काही भाग तिकडे द्या, मिंधेपणा राहत नाही. हा पर्याय बाबांना आत्ता सांगू नका, नाहीतर ते नाशिकला जागा न मिळो म्हणून देव पाण्यात घालतील.

उद्या डॉक्टरांना सांगा आणि भावाला केंद्रं बघायला पाठवा, दोन्ही एकाच दिवशी. फुले योजनेची नवी मंजुरी नाशिकला अडली तर मला पुन्हा लिहा, पण तेव्हा ‘अडली आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला पाठवली, काय शेरा आला आणि आरोग्यमित्र काय म्हणतो, हे तिन्ही कळवा.

तुमची,
सदरवाली ताई